बायोटेकच्या मुलांना धंदा शिकवायचा कसा?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. बायोटेकला शिकवते. पुढच्या सत्रापासून आमच्याकडे उद्योजकता हा तीस तासांचा वैकल्पिक विषय सुरू होतोय आणि तो माझ्याकडे आलाय. जुना आराखडा हातात आहे: उद्योजकाची लक्षणं, उद्योजकतेचे प्रकार, बँकांच्या योजना. हे सगळं पाठ करून मुलं पेपर छान लिहितील, पण पुढे काय?

माझी बावीस मुलं आहेत. बहुतेक सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडची, शेतकऱ्यांच्या घरची. पीसीआर लावतात, जेल चालवतात (डीएनएचे तुकडे वेगळे करून पाहायची चाचणी), कल्चर सांभाळतात. मागच्या आठवड्यात विचारलं, आत्ता चालवलेल्या एका जेलला खर्च किती आला? एक म्हणाला वीस रुपये, दुसरी म्हणाली पाचशे. मग स्टोअरमधून बिलं काढून आणली आणि दोन तास सगळे मिळून हिशेब करत बसलो. अगारोज, डाय, लॅडर, वीज, फुकट गेलेली जेलं. वर्षभरात एवढं लक्ष देऊन एकही तास झाला नव्हता.

माझ्या डोक्यात असं आहे: चार गट करायचे, प्रत्येकाने एक वस्तू तयार करायची आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावून विकायची. एका गटाला डाळिंबाच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर करायची आहे, उत्साहाने पाकिटाचं डिझाइनसुद्धा करून झालंय.

तुमच्यापैकी ज्यांनी या क्षेत्रात काही उभं केलंय त्यांना विचारते, एम.एस्सी.ला असताना कोणी काय शिकवायला हवं होतं?

एक_प्रवासी

चांगला विषय. वाचतोय.

पेट्रीडिश

सोनचाफा, जेलचा हिशेब हा तुमच्या विषयाचा पहिला तास करा. मी पुण्यात निदानाचे किट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे, आम्ही तिघांनी पीएच.डी. नंतर सुरू केली. मला काय शिकवायला हवं होतं ते एका प्रसंगातून सांगतो.

आमचा पहिला किट २५ चाचण्यांचा, किंमत ३,००० रुपये. म्हणजे चाचणीला १२० रुपये, असं मी छातीठोकपणे सांगायचो. चिंचवडच्या एका लॅबमध्ये तिथल्या टेक्निशियन काकांनी कागद पुढे ओढला. 'माझ्याकडे ही टेस्ट एका वेळी तीनच पेशंटची येते. तीन पेशंट अधिक चाचणी नीट चालली का ते पाहायचे तुमचे दोन कंट्रोल, पाच लागले. २५ मध्ये पाच वेळा लावणार, म्हणजे पेशंट झाले पंधरा. मला पडली २०० ला.' मग त्यांनी फ्रिज उघडून दाखवला. आमचा थर्माकोलचा डबा त्या कप्प्यात आडवाही जात नव्हता, उभाही नाही. 'हा कुठे ठेवू सांगा.'

तीन वर्षं आम्ही संवेदनशीलता वाढवण्यात घालवली होती. फ्रिजचा कप्पा मोजायला कोणी गेलं नव्हतं. आज आमचा डबा त्या कप्प्याच्या मापाचा आहे आणि त्यात पाच-पाच चाचण्यांच्या वेगळ्या पट्ट्या आहेत. मुलांना वस्तू बनवण्याच्या *आधी* अशा काकांकडे पाठवा.

कलम_नऊ

सोनचाफाताई, जरा थांबा. पाकिटं छापू नका.

ट्रायकोडर्मा रोगनाशक म्हणून विकायचा तर तो १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो. केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडे नोंदणी लागते, मग उत्पादनाचा परवाना, विक्रीचा परवाना वेगळा. जैविक आहे, निरुपद्रवी आहे, विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे, यातलं काहीही चालत नाही. 'जैविक खत' म्हणून विकू म्हणाल तर ती जैविक खतं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. यात्रेच्या स्टॉलवर विनानोंदणी पाकीट विकलं आणि कोणी तक्रार केली तर मुलांच्या नावावर प्रकरण व्हायचं. तुमच्याही.

रागावून लिहीत नाहीये, पंचवीस वर्षं हेच काम केलंय म्हणून कळकळीने सांगतोय. मुलांना पहिल्या आठवड्यात एकच सवय लावा. वस्तू सुचली की विचारायचं, ही कुठल्या कायद्यात बसते? निदानाचा किट असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम. त्यात धोक्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ आणि ब राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, क आणि ड दिल्लीला. ऊतीसंवर्धित रोपं असतील तर प्रमाणीकरणाची वेगळी व्यवस्था आहे. रानातली वनस्पती वापरून धंदा करायचा तर २००२ चा जैवविविधता कायदा. हे पाठ करायला लावू नका. एकेका गटाने आपापल्या वस्तूचा मार्ग शोधून भिंतीवर लावायचा, त्याखाली लागणारा वेळ आणि पैसा लिहायचा. अर्ध्या कल्पना तिथेच बदलतात, आणि बदललेल्या बहुतेक वेळा जास्त चांगल्या असतात.

सोनचाफा

कलम_नऊ, मनापासून आभार. वेळेवर अडवलंत. पाकिटाचा छापखान्याचा निरोप आत्ताच थांबवला.

तळ्याकाठी

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

दोन हजारच्या दशकात गावोगावी बायोटेकची महाविद्यालयं निघाली. 'पुढचं शतक जीवशास्त्राचं' म्हणून आमच्या पिढीने प्रवेश घेतले आणि निम्मे लोक आज बँकेत, विम्यात किंवा औषधांच्या विक्रीत आहेत. नोकऱ्या निर्माण झाल्या नाहीत, त्याची जबाबदारी आता मुलांवर ढकलायची का? 'नोकरी मागू नका, द्या' हे व्यासपीठावरून बोलायला सोपं आहे. बायोटेक म्हणजे वडापावची गाडी नाही, की आज लावली आणि संध्याकाळी गल्ला मोजला. शांता बायोटेक्निक्स १९९३ ला सुरू झाली, तिची हिपॅटायटिस बी ची लस १९९७ ला बाजारात आली. चार वर्षं! आणि हे झपाट्याने झालेलं उदाहरण आहे. ज्याच्या बापावर सोसायटीचं कर्ज आहे त्याने चार वर्षं काय खायचं?

विज्ञान नीट शिकवा. उत्तम वैज्ञानिक तयार झाला तर धंदेवाला त्याला शोधत येतो. शांताचे वरप्रसाद रेड्डी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते, जीवशास्त्रज्ञ नव्हे.

पेट्रीडिश

@तळ्याकाठी, कर्जाच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. कोणाही विद्यार्थ्याला घर गहाण ठेवून बायोटेक करू देऊ नये. म्हणूनच अनुदानं माहीत हवीत. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, १८ महिन्यांसाठी, आणि ते कर्ज नसतं. आम्ही त्यावरच उभे राहिलो. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये बाक आणि उपकरणं भाड्याने मिळाली, नाहीतर आमची ऐपतच नव्हती. पण अनुदानाच्या मुलाखतीत पॅनलने विज्ञानावर दहा मिनिटं विचारलं आणि 'हे विकत कोण घेणार, किती जणांशी बोललात' यावर उरलेला सगळा वेळ. उत्तम विज्ञान असलेला एक मुलगा आमच्यासमोर रडवेला होऊन बाहेर आला. हा प्रश्न त्याला आधी कोणी विचारलाच नव्हता.

अळिंबी

मी कोल्हापूरकडे मश्रूमचं स्पॉन, म्हणजे बियाणं, बनवते. एम.एस्सी. मायक्रो, नववं वर्ष चालू आहे. इथे सगळे लस आणि किटबद्दल बोलतायत म्हणून माझ्या छोट्या धंद्याबद्दल लिहावंसं वाटलं. तळ्याकाठी, माझा गल्ला रोज संध्याकाळी मोजता येतो बरं का!

ज्वारी शिजवायची, चुनखडी-जिप्सम लावायचं, पिशव्या भरायच्या, १२१ अंशाला ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करायच्या, मग लॅमिनारमध्ये (स्वच्छ हवेच्या कपाटात) कल्चर सोडायचं. कॉलेजात हे सगळं शिकले होते. कॉलेजात न शिकलेलं सांगते. मध्येच लाइट गेली की ऑटोक्लेव्हचा दाब उतरतो आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं, ती वीज, तो वेळ कुठल्या पिशवीच्या किमतीत घालायचा? शंभरातल्या आठ-दहा पिशव्या हिरव्या पडतात, त्या ग्राहकाच्या घरी जाऊन हिरव्या पडल्या तर बदलून द्यायच्या की नाही? मी देते, न वाद घालता, आणि तोच माझा प्रचार आहे. (तुमच्या मुलांचं औषध ते माझं दुखणं, ती हिरवी बुरशी म्हणजे ट्रायकोडर्माच असते.)

आणि उधारी. पहिल्या दोन वर्षांत माझे ६० हजार रुपये लोकांकडे अडकले होते. सगळी ओळखीची माणसं. मागायला जीभ उचलायची नाही. घरचे म्हणायचे, धंदा चाललाय ना छान? पिशव्या जायच्या, पैसे यायचे नाहीत. शेवटी आईने वही केली, दर शनिवारी ती स्वतः फोन करायची, 'भाऊ, आमच्या पोरीचे एवढे राहिलेत' म्हणून. सोनचाफा, एक तास फक्त यासाठी ठेवा. मुलांना समोरासमोर उभं करून पैसे मागायला लावा. माझ्यासारखी कितीतरी चांगल्या हाताची मुलं याच एका गोष्टीपायी बंद पडलेली पाहिलीत.

हिरवा_चहा

अळिंबीताई, आईंना नमस्कार सांगा! हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा.

ट्रेंटकाठी

मी इंग्लंडमध्ये पीएच.डी. करताना तिथल्या यंग आंत्रप्रन्योर्स स्कीममध्ये भाग घेतला होता. नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि तिथली जीवशास्त्र संशोधन परिषद मिळून ती चालवतात, सुरुवात नव्वदच्या दशकातली आहे. चार-पाच संशोधक विद्यार्थ्यांचा गट करायचा, काल्पनिक कंपनी काढायची. एक जण प्रमुख, एकाकडे पैसा, एकाकडे बाजार. तीन दिवस पेटंटवाले, गुंतवणूकदार, कंपन्यांतले लोक येऊन शिकवतात आणि शेवटी खऱ्या गुंतवणूकदारांसारख्या परीक्षकांपुढे योजना मांडायची.

माझ्याकडे पैशाचं खातं आलं होतं. मी वनस्पतींच्या मुळांवर काम करणारी, ताळेबंद कशाशी खातात माहीत नव्हतं. रात्री दोनला कळलं की आमची काल्पनिक कंपनी विसाव्या महिन्यात पगार देऊ शकत नाही. पोटात खड्डा पडला, खरंच. कंपनी खोटी होती, पण पैसा कधी संपतो हे पाहायची सवय तेव्हापासून लागली आणि आज संशोधन प्रकल्प चालवताना रोज उपयोगी पडते. तळ्याकाठींना म्हणून सांगते, हे शिक्षण कंपनी न काढणाऱ्यालाही लागतं. माझ्या गटातल्या पाचांपैकी कोणीही कंपनी काढली नाही, तरी ते दिवस वाया गेले असं एकही जण म्हणणार नाही.

एक उणीव होती. सगळं खोलीत बसून झालं, ग्राहक एकही दिसला नाही. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ ला आय-कोर सुरू केलं, त्यात ही उणीव भरून काढली आहे. सात आठवड्यांत शंभर ग्राहकांशी बोलायचं, तेही वस्तू न विकता. फक्त ऐकायचं.

उंबर

पेटंटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पीएच.डी.ला असताना एका जिवाणूपासून चांगलं एन्झाइम मिळालं होतं. मार्गदर्शकांनी घाई केली, परिषदेत पोस्टर लावलं, तिथल्या पुस्तिकेत सगळा तपशील छापून आला. वर्षभराने एका कंपनीने विचारणा केली. पेटंट वकिलांनी पुस्तिका पाहिली आणि फाइल मिटली. जगाला सांगून झालेली गोष्ट नवी राहत नाही, अर्ज आधी करायला हवा होता. तात्पुरता अर्ज करून ठेवला असता तर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळाले असते. व्यक्तीला ऑनलाइन तात्पुरत्या अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये. पोस्टरची छपाई आणि परिषदेची नोंदणी याच्या तिप्पट झाली होती.

मला कोणाला दोष द्यायचा नाही, त्यांनाही कोणी शिकवलेलं नव्हतं. पण तुमच्या मुलांना 'आधी अर्ज, मग पोस्टर' एवढं नक्की सांगा.

एक_प्रवासी

किरण मजुमदार-शॉ यांनी गॅरेजमध्ये १० हजार रुपयांत बायोकॉन सुरू केली, हे उदाहरण मुलांना द्यायलाच हवं. जिद्द असेल तर सगळं होतं.

कलम_नऊ

द्या, पण पूर्ण द्या. १९७८ ला त्यांच्यासोबत आयर्लंडची कंपनी भागीदार होती आणि पपईतलं पपेन त्यांच्यासाठीच बनवलं जात होतं. म्हणजे माल तयार होण्याआधी घेणारा ठरलेला होता. शिवाय त्या ऑस्ट्रेलियातून मद्यनिर्मितीचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या. दहा हजारांची आणि गॅरेजची गोष्ट सांगून मुलांना घेणाऱ्याची गोष्ट सांगितली नाही, तर ती गॅरेज शोधत बसतील.

डाळिंबवाला

राम राम. मी सांगोला तालुक्यातला, पाच एकर डाळिंब. बहिणीच्या पोरीने हा धागा दाखवला. मॅडम, तुमच्या पोरांनी पावडर आणली असती तर मी काय विचारलं असतं ते लिहितो.

पहिलं, पावडर ड्रिपमधून सोडली तर फिल्टर चोक होतो का? टाल्कमधली पावडर खाली बसते. मागे एकदा वापरली, शेवटच्या झाडांना नुसतं पाणी गेलं आणि लॅटरल साफ करायला दोन दिवस गेले. दुसरं, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारल्यावर किती दिवसांनी सोडायची? दुकानदाराला विचारलं तर म्हणतो चालतंय की. तिसरं, माझी औषधं पत्र्याच्या शेडमध्ये असतात, मे महिन्यात तिथे हात लावू देत नाही एवढं तापतं. त्यात ती बुरशी जिवंत राहते का?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कृषी सेवा केंद्रवाला आम्हाला बहार निघेपर्यंत पैसे मागत नाही. तुमची पोरं थांबतील का?

ट्रेंटकाठी

दादा, तुमचा हा एक प्रतिसाद म्हणजे आमच्या तीन दिवसांच्या शिबिराइतका आहे.

सोनचाफा

डाळिंबवाला, तुमचा प्रतिसाद वर्गात फळ्यावर लिहिला. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग गटातल्या एका मुलीने विचारलं, 'मॅडम, आपण आधी त्यांच्याकडे जाऊ या का?' रविवारी येऊ का? रिकाम्या हाताने येतो, काही विकणार नाही.

डाळिंबवाला

या की. सकाळी लवकर या, उन्हाच्या आत. जेवूनच जायचं.

पेट्रीडिश

सोनचाफा, अजून एक. मुलांना योजना मराठीत मांडू द्या. आमच्याकडे उमेदवारीला आलेला एक मुलगा इंग्रजीत पहिल्या स्लाइडवर अडकायचा. मराठीत बोल म्हटल्यावर त्याने लॅबवाल्यांचे प्रश्न असे मांडले की आम्ही वस्तूच बदलली. इंग्रजी नंतर येतं, ते शिकवायला माणसं मिळतात.

तळ्याकाठी

माझं मत अजून तेच आहे की कोणाला ढकलू नये. पण इथे जे चाललंय ते मला वेगळं वाटतंय. ऐकायला शिकवणं, हिशेब शिकवणं, यात कंपनी काढ असा आग्रह कुठे नाही. सोनचाफा, मूल्यमापन कशावर करणार? 'किती विक्री झाली' यावर गुण ठेवू नका, एवढी विनंती.

सोनचाफा

तळ्याकाठी, विक्रीवर गुण नाहीतच. आता धाग्याच्या मूळ प्रश्नावर येते.

रविवारी जाऊन आलो. सहा मुलं, चार बागा. दादांनी शेडमधलं आधीच विकत घेतलेलं ट्रायकोडर्माचं पाकीट काढून मुलांसमोर ठेवलं आणि म्हणाले, 'तुम्ही नवीन काय बनवता ते राहू द्या. ह्यात जिवंत किती आहे तेवढं सांगता का?' मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. हे तर त्यांना येतं!

पाकिटावर ग्रॅमला किमान २० लाख बीजाणू लिहिले होते, मानकही तेवढंच आहे. मुलांनी निवडक माध्यमावर, म्हणजे मुख्यतः हीच बुरशी वाढेल अशा खाद्यावर, लावलं. १० हजार पट पातळ करून ०.१ मिली पसरलं की प्लेटवर वीसएक वसाहती दिसायला हव्यात. तीन प्लेट लावल्या होत्या. एकीवर दोन, एकीवर एक, एक कोरी. दुसऱ्या बागेतलं पाकीट घरात माठाजवळ ठेवलेलं होतं, त्यावर अठरा, बावीस, एकोणीस आल्या. मुलं अक्षरशः ओरडली. आता त्या गटाला पावडर विकायची नाहीये, पाकिटं तपासून द्यायची आहेत आणि ती कुठे ठेवायची हे सांगायचं आहे.

खर्च काढला: माध्यम, प्लेटा, वीज आणि त्यांच्या श्रमाचे पैसे धरून नमुन्याला १८० रुपये. दादा म्हणतात शंभर देईन. मुलं दोन दिवस त्या ऐंशी रुपयांवर भांडतायत. पाच शेतकऱ्यांचे नमुने एकत्र लावले तर कंट्रोलचा खर्च वाटला जातो, इथपर्यंत आलीत.

म्हणून तीस तासांची नवी मांडणी अशी. पहिले सहा तास हिशेब. मग बारा तास वर्गाबाहेर, प्रत्येक गटाने पंचवीस जणांना भेटायचं आणि वहीत त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. कायद्याच्या भिंतीला चार तास, पेटंटला दोन, पैसे मागायला दोन (अळिंबीताई, आईंना वर्गात आणाल का?). उरलेल्या चार तासांत मराठीतून मांडणी, आणि ऐकायला परीक्षक म्हणून ज्यांना भेटले तीच माणसं.

अळिंबी

आई तयार आहे. वहीसकट येते म्हणाली.

कलम_नऊ

फार छान. एकच काळजी घ्या. लेखी निकालावर 'शैक्षणिक कामासाठी, फक्त माहितीसाठी' असं ठळक लिहा, शिक्का मारू नका आणि कुठल्याही कंपनीचं नाव बाहेर सांगू नका. शेडमध्ये तापून मेलेल्या बुरशीचा दोष कंपनीचा नसतो. मुलांना पैसे घ्यायचेच असतील तर आधी प्राचार्यांची लेखी परवानगी.

सोनचाफा

नक्की. आणि कोणाला माहीत असेल तर सांगा, त्या निवडक माध्यमाला लागणारं रोझ बेंगॉल कमी प्रमाणात कुठे मिळेल? इथला दुकानदार मोठी बाटलीच घ्या म्हणतोय आणि मुलांचा हिशेब तिथेच कोलमडतोय.

उंबर

माझ्याकडे न उघडलेली बाटली आहे, मुदत अजून दोन वर्षं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी कुरियर करतो. पण मुलांना सांगा, हिशेबात तिची किंमत धरायची. फुकट मिळाली म्हणून शून्य लिहायचं नाही.